काळा हात

पातूर, शनिवार, मार्चचा पहिला आठवडा

अमरावतीहून आम्ही दुपारी परत आलो. ताईचा साखरपुडा झकास झाला, पण माझ्या डोक्यातून तो हात जात नाही.

गोल्फ खेळताना हातमोजा फक्त डाव्या हातात घालतात. त्यामुळे माझा डावा हात गोरा राहिला आणि उजवा उन्हानं काळाकुट्ट झालाय. फोटोच्या वेळी मावशीनं सगळ्यांसमोर दोन्ही हात धरले. "हे काय वं? एक हात घरातला अन् एक वावरातला! तो काळा मागं घे."

आणि मी घेतला! कावून घेतला, कशासाठी? हेच डाचतंय. हरभरा निघाल्यापासून बाबांच्या वावरात रोज दोनशे चेंडू मारते, ते काय हात लपवायला?

निघताना मावशीनं हळद घातलेल्या बेसनाचा डबा दिला. "रोज चोळ. अन् ते खेळनं सोड आता. तुले का देशासाठी खेळाचं हाये?"

हो, खेळायचंय. पुढच्या रविवारी नागपूरला निवड स्पर्धा आहे, तिथून सुरुवात. मावशीसमोर हे बोलले नाही, म्हणून इथे ठळक लिहून ठेवते: खेळायचंय.

घरी आल्यावर डबा आईसमोर ठेवला. म्हटलं, "आई, याचा झुणका कर." आईनं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे. मग कांदा चिरायला घेतला.

आत्ताच जेवले. झुणका फक्कड झाला होता. दोन भाकरी खाल्ल्या, काळ्या हातानं.