लाल खिडकीतला नऊ

वाशीम, १२ डिसेंबर १९७५

परवा माहेरच्या दादा-वहिनींबरोबर गोदावरीच्या लाँचवर जायचं. ह्यांचा मोठा कॅमेरा जड, मला कधी जमलाच नाही. न्यायचा तो माझा डबा कॅमेराच, कारण त्यात ह्यांचा शेवटचा फोटो आहे. होता. गेल्या वर्षी दिवाळीत अंगणात खुर्चीवर बसवून मी काढलेला, नववा. "उरलेले तीन नदीवर काढू," म्हणाले होते. त्यानंतर महिनाभरात गेलेच. मी रोल पुढे फिरवलाच नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीत रोलच्या कागदावर छापलेला नऊचा आकडा दिसायचा, तोच बघत वर्ष काढलं.

संध्याकाळी सामान भरायला बसले, तर जाऊबाई उन्हात घातलेल्या स्वेटरांबरोबर डबा कॅमेराही घेऊन आल्या.

"मागचं झाकण उघडून दोपारभर उनात ठेवला. बुरशी लागली असती ना! पाह्य, कसा चकचकीत केला. आता नावेवर मेमसाब शोभशीन."

मी झाकणाची कडी चाचपत त्यांच्याकडे पाहिलं.

"काहून वं, अशी काहून पाहून राह्यली?"

"काही नाही. छान केलंत."

न धुतलेल्या रोलला उजेड लागला की त्यावरचे सगळे फोटो गेले, हे त्यांना कसं सांगू? ह्यांना त्यांनीच तर अंगाखांद्यावर खेळवलं.

तरी डबा कॅमेराच रुमालात गुंडाळून भरला. नदीवर काय करीन? उरलेले तीन काढायचे तर आधी रोल पुढे नेणारी चावी फिरवावी लागेल, आणि नऊ जाईल.

आता रुमाल पुन्हा सोडून पाहिलं. झाकण घट्ट लागलंय. खिडकीत अजून नऊच आहे, काही झालंच नाही असा.