सईचा डावा डोळा

२० जून
सईच्या डाव्या पापणीवरची रांजणवाडी उतरेना. शेकून झालं, थेंब घालून झाले. दुखत नाही म्हणते. आज डोळ्यांच्या डॉ. बाईंनी बोटानं दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "ही रांजणवाडी वाटत नाही. एमआरआय करा. उद्याच."
कंपनीत फोन करून रजा टाकली. सई खूश. पहिलीत जाऊन पाच दिवस झाले नाहीत आणि सुट्टी.

४ जुलै
एमआरआयमध्ये गाठ दिसली होती, तिचा तुकडा तपासून आला. कॅन्सर. नाव इतकं लांब की डॉ.कडून तळहातावर लिहून घेतलं. रॅब्डोमायोसार्कोमा. घरी आल्यावर दहा वेळा म्हटलं तेव्हा जमलं. सई ऐकत होती. ती त्याला रबडी म्हणते.
हे डॉ. मुलांच्याच कॅन्सरचे. घाई नाही त्यांना. मनीषानं एकच विचारलं, "मी तिला तान्हेपणी काजळ घालायचे, त्यानं?"
"काजळानं होत नाही. पडल्यानं नाही, खाण्यानं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."
मनीषा तिथंच रडली. एवढे दिवस तेच धरून बसली होती, मला पत्ता नाही.

५ जुलै
काल समजलं ते विसरण्याआधी. स्नायू व्हायला निघालेल्या काही पेशी अर्धवटच राहतात आणि नुसत्या वाढत सुटतात. मुलांमध्येच जास्त, तरीही फार कमी जणांना. सईची गाठ दुसरीकडे पसरलेली नाही. या जातीची गाठ, तीही डोळ्याच्या खोबणीत, म्हणजे औषधाला बहुतेक चांगली दाद देते. 'बहुतेक' त्यांचा शब्द.
मी टर्नर माणूस, लेथवर लोखंड कापणारा. म्हटलं, कापून का नाही काढत?
"कापायची तर डोळा जाईल. औषधानं लहान करू, मग किरणं देऊ."

१२ जुलै
पहिली केमो. उलटी दोनदा. तिसऱ्यांदा वाटलं आणि ढेकर आला, तर स्वतःच हसत सुटली.

३ ऑगस्ट
केस गेले. शेजारच्या काकू डोळे पुसायला लागल्या तर सई म्हणाली, "काकू, मला शाम्पू लावायला नाही लागत." शाम्पूवरून रोज किती रडारड व्हायची.

१९ ऑगस्ट
ताप. १०१. तडक हॉस्पिटल. पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात. सई बोलत नाही, हेच भयंकर. म. तिचे पाय चोळत बसलीये. मी इथे बाहेर बाकावर. आणखी काय लि

२४ ऑगस्ट
घरी. आल्याआल्या वरण-भात मागितला, वर तूप कमी म्हणून भांडली. भांडू दे.

१७ सप्टें.
स्कॅन. मी मिलिमीटर विचारत होतो, डॉ.नी स्क्रीनच माझ्याकडे वळवला. गाठ निम्म्याहूनही लहान. पापणी पूर्ण उघडते. येताना गंगेवर, गोदाकाठी, जाऊन तिघांनी भेळ... नाही, सईला बाहेरचं बंद. आम्हीही नाही खाल्ली. नुसतं फिरून आलो.

१ ऑक्टो.
पुढच्या आठवड्यापासून किरणं. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. आज मुखवटा केला. गरम पाण्यातून काढलेली जाळी तोंडावर ठेवली, गार होऊन कडक झाली. तो टेबलाला अडकवतात, डोकं हलू नये म्हणून. तिथल्या ताई म्हणाल्या, "हलली तर रोज भूल द्यावी लागेल."
लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पक्का धरायचा, हे मला सांगायला नको. सईला कसं सांगू?

४ ऑक्टो.
घरी सराव. दिवाणावर आडवी, तोंडावर पिठाची चाळण. पहिल्या दिवशी नाक खाजलं. आज दहा मिनिटं. म.लाही झोपवलं, ती दोन मिनिटांत घोरायला लागली.

८ ऑक्टो.
आत सई एकटी, आम्ही बाहेर. माइकवरून बोलता येतं. सई म्हणाली, "पप्पा, गोष्ट सांग." मला एकही आठवेना. मग यंत्रातला बुश, ती पोकळ नळी, कसा बनवतात ते सांगितलं. आधी तुकडा लेथच्या पकडीत, चकमध्ये धरायचा, मग तोंड सरळ करायचं, मग ड्रिल. ती अजिबात हलली नाही. भूल लागली नाही.
बाहेर आल्यावर: "उद्या दुसरं काहीतरी बनव."

२४ ऑक्टो.
पुली झाली, नट-बोल्ट झाले, आज थ्रेडिंग, म्हणजे आटे पाडणं. तिथल्या ताई म्हणाल्या, "दादा, आता आम्हालाही लेथ चालवता येईल."
डोळा लाल, कोरडा. थेंब चालू. पुढं कधी मोतीबिंदू होऊ शकतो, तो काढता येतो, असं आधीच सांगितलंय.

१२ नोव्हें.
किरणं संपली. मुखवटा घरी दिला. सईनं त्याला मिशा काढल्या.

२ डिसें.
चालताना पाऊल फटफट आपटतं. केमोचं औषध नसांना लागतं, हळूहळू सुधारतं म्हणतात. रोज टाचांवर चालायचा व्यायाम. सई आम्हालाही चालायला लावते. खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

९ जाने.
शेवटची केमो होऊन पंधरा दिवस झाले. आज स्कॅनचा रिपोर्ट. गाठीच्या जागी एक बारीक रेघ. डॉ. म्हणाले, व्रण असावा. आज कॅन्सर दिसत नाही. तीन महिन्यांनी परत बघू.
विचारलं, "बरी झाली म्हणू का?"
"उपचार संपले म्हणा. बाकीचं आपण बघत राहू."
म. पार्किंगमध्ये इतकी हसली की गाडीची किल्ली सापडेना.

१२ जाने.
सई आजपासून परत शाळेत. क्रीडादिनाचा फॉर्म घेऊन आली. लिंबू-चमचा शर्यतीत भाग घ्यायचाय. सही केली. खाली छापलंय: मुलास गंभीर आजार आहे / नाही. एक खोडा.
म. म्हणाली, "'आहे' खोडा."
मी म्हटलं, "डॉ. तसं म्हणाले नाहीत."
"मग 'नाही' खोडा, बघू."
तेही होईना. सई बूट काढता काढता ओरडली, "काहीतरी एक खोडा ना. बाईंनी उद्या मागितलाय."
म.नं पेन माझ्या हातात दिलं. थोड्या वेळानं मी तिच्या हातात दिलं.