पानोपानीचे ठिपके

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद.

परवा इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात बाबांकडे आहे तसंच निळं पुस्तक दिसलं, जुन्या मोटारींच्या रंगीत चित्रांचं. किंमत ऐकून उडालोच. माझा चार महिन्यांचा पगार! आपली प्रत विकली तर एवढ्या पैशात बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होईल. पण दुकानदार म्हणतो प्रत कोरी हवी, डाग दिसला की किंमत निम्मी. उभा जन्म गाड्यांना रंग मारणाऱ्या माणसाचं पुस्तक ते, म्हणून धाकधूक वाटते. उघडून बघ आणि लगेच कळव. बाबांपाशी बोलू नकोस, घर डोक्यावर घेतील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

डाग कसला, पानोपानी ठिपके आहेत! गिऱ्हाइकासाठी कालवलेला रंग चित्राशी जुळतो का, हे बाबा चित्राशेजारीच लावून बघायचे. दिसत नसलं तरी रोज संध्याकाळी पुस्तक मांडीवर घेऊन बसतात. सवय, दुसरं काय! ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, आता बघायचं काय उरलंय. काल भिंतीवर आपटले, कपाळाला टेंगूळ आलंय. माझा जीव थाऱ्यावर नाही. घरात थिनरची बाटली आहे. दुपारी ते झोपले की ठिपके पुसून टाकते.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
चिमणी

१३ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

अगं बाई, थांब! थिनरने छपाईसुद्धा उतरते. आधी हात आवर, मग पुढचं वाच. पुढचं काही नाहीच.

दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं. ठिपके गेले, आणि त्यांच्याबरोबर अर्ध्या मोटारीही गेल्या.

संध्याकाळी बाबांनी पुस्तक घेतलं. पानावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या पानावरून, तिसऱ्या. हे कुणाचं पुस्तक आहे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मला कळलं रे. ठिपक्याचा उंचवटा अंगठ्याला लागला की त्यांना गाडी ओळखू यायची. ही डॉक्टरीणबाईंची हिरवी, ही गिऱ्हाइकाकडून मागून घेऊन जिच्यातून आईला लग्नानंतर घरी आणलं ती पिवळी. मी रडत सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी भिंत धरत कपाटापाशी गेले आणि कागदी वेष्टनातली तसलीच दोन निळी पुस्तकं माझ्या हातात दिली. म्हणाले, ही विका. ही कोरी राहिली, म्हणजे माझी कधी नव्हतीच. आणि मला डॉक्टरकडे ने. ठिपके परत लावायचे तर रंग दिसायला हवा.

मंगळवारी ऑपरेशन ठरलंय. पुस्तकं न्यायला कधी येतोस ते कळव, आणि येताना पिवळ्या रंगाचा लहान डबा आण. आईच्या गाडीपासून सुरुवात करायची म्हणतात.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
चिमणी