अस्मिता राजीनामा देणार नाही

नोव्हाय, मिशिगन
रविवार, जेवणं आटोपल्यावर

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या चारुदत्तचा वाकून नमस्कार, आणि शैलजावहिनींना आम्हा तिघांचा.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली असतानाही तुम्ही सोसायटीची पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जाता, असं वहिनींकडून कळलं. तुम्ही न बघताही टाकी भरते, असं त्यांचं म्हणणं आहे. (म्हणणं त्यांचं. मी फक्त पोचवतोय.) इकडे सगळं ठीक. रेणूची शाळा आता सुरू होईल, माझी नोकरी अजून आहे, आणि परसातल्या दुधी भोपळ्यांनी यंदा एवढा उच्छाद मांडलाय की ओळखीचे लोक आमची गाडी दिसली की घरातले दिवे मालवतात.

विनंती विशेष अशी की, तुमचा व्हॉइस मेसेज मिळाला. मी तो गाडी चालवताना लावला, आणि आमच्या गाडीला खोड अशी की फोन आपण होऊन तिच्या स्पीकरला जोडला जातो. त्यामुळे ‘अस्मिताला म्हणावं, मुकाट्यानं राजीनामा दे आणि घराकडे बघ’ हे वाक्य हायवेवर चारी दारांतून घुमलं. त्यापुढचं ‘ती ऐकत नाहीये ना रे?’ हेही आम्ही तिघांनी मिळूनच ऐकलं. रेणू मागच्या सीटवरून म्हणाली, ‘वाव, काका इज सो डेड.’ अस्मिताने फक्त खिडकीची काच वर केली. ती आधीच वर होती.

तेव्हा दादा, मान खाली घालून पण आवाज चढवून सांगतो. राजीनामा मिळणार नाही. ज्यांनी तुमचे कान भरले ते राजारामकाका सबनीस तुमच्या कॉलेजचे, तुमच्या हॉस्टेलचे, हे सगळं मान्य. पण त्यांनी तुम्हाला अर्धीच हकिगत सांगितली आहे. उरलेली अर्धी मी सांगतो. आणि तुम्ही स्वतः लिफ्टच्या त्या प्रकरणात सगळे राजीनामा मागत असतानाही सोसायटीच्या अध्यक्षाची खुर्ची सोडली नव्हतीत, एवढं फक्त वाचताना ध्यानात असू द्या.

मुळात अस्मिताला मराठी मंडळाचं अध्यक्ष व्हायचंच नव्हतं. जानेवारीच्या सभेत राजारामकाका म्हणाले की आता आपल्याच्यानं होत नाही, कोणीतरी पुढे या. त्याबरोबर हॉलभर बसलेली मंडळी आपापल्या बुटांकडे बघू लागली. अस्मिता चहा उकळला का ते बघायला आत गेली होती. ती किटली घेऊन बाहेर आली तेव्हा टाळ्या चालू होत्या. त्या चहासाठी आहेत असं समजून ती हसली, आणि ते हसणं होकार म्हणून धरलं गेलं. पण दादा, आपल्या अस्मिताचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. एकदा हातात घेतलं की ती किटलीसुद्धा रिकामी झाल्याशिवाय खाली ठेवत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात परराष्ट्र खातं आणि गृहखातं दोन्ही आली. सकाळी ती ऑफिसला जाताना तेलुगू मंडळींशी हॉलच्या तारखांवरून वाटाघाटी करते, दुपारी गुजराती समाजाकडून मोठे स्टीलचे डबे मागून आणते, आणि संध्याकाळी आपल्याच लोकांची भांडणं मिटवते. (परकी माणसं फार सोपी, असं ती म्हणते. त्यांना निदान आपलं काय चाललंय ते कळत नाही.) नवऱ्याने अशा वेळी सहकार्य करायला नको का? मी केलं. पाडव्याच्या वेळी ती मीटिंगमध्ये असताना तिचा फोन मीच घ्यायचो. नागपूरकरांचा फोन आला, जेवणात पुरणपोळी हवी. मी म्हटलं, अगदी बरोबर. मुंबईकरांचा आला, श्रीखंडच हवं. मी म्हटलं, त्याशिवाय पाडवा कसला! दोन्ही पक्षांना शब्द गेल्यामुळे दोन्ही पदार्थ झाले, आणि जेवणानंतरच्या नाट्यप्रवेशात राजाचं काम करणारा निमिष सिंहासनावरून उठलाच नाही. लोकांना वाटलं नाटकात तसंच आहे.

पण खरं प्रकरण ढोलांचं. आमच्या टाऊनशिपच्या पार्कात, पार्किंगच्या कडेला, शनिवारी दुपारी आपल्या पथकाचा सराव चालतो. यंदा गणपतीची मिरवणूक उघड्यावर, पार्काला वळसा घालून काढायची असं अस्मिताने ठरवलं. इतकी वर्षं आम्ही गॅरेजचं दार ओढून घेऊन हलक्या आवाजात मोरया म्हणत आलो आणि बादलीत विसर्जन करत आलो. पार्काला लागून वॉल्ट नावाचे एक गृहस्थ राहतात. गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले, एकटे. त्यांनी तक्रार केली की ढोलांनी घरातली कपाटं थरथरतात. टाऊनशिपच्या पार्क कमिटीने सराव थांबवला, मिरवणुकीचा परवाना अडकवला आणि सुनावणी ठेवली.

इथे मी पुन्हा सहकार्य केलं. माझं पोटापाण्याचं काम काय? गाडीतला आवाज कुठून येतो ते शोधायचं आणि तो कमी करायचा. म्हटलं, हा तर आपलाच विषय. तक्रार कानावर आली तेव्हाच मी ऑफिसातलं आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं, बंदीच्या आदल्या शनिवारचे ढोल मोजलेले होतेच, ते आकडे घेतले, अस्मिताला न सांगता एका प्लेटमध्ये चकल्या घेतल्या आणि वॉल्टच्या दारात उभा राहिलो. माणूस वाईट नाही, दादा. त्याने चकली खाल्ली, दुसरी उचलली आणि विचारलं, ‘खरं सांग, किती मोठा आवाज आहे तुमचा?’ आता मी इंजिनिअर. आवाजाबद्दल मला कोणी खोटं विचारलं तरी मी खरं सांगतो. मी त्याला तक्ता दाखवला. टाऊनशिपच्या मर्यादेच्या वर कुठे कुठे जातं तेही समजावून दिलं. त्याला चष्म्याशिवाय नीट दिसेना म्हणून तक्ता तिथेच ठेवून आलो. खाली माझी सही होती. सहीशिवाय तक्ता द्यायचा नाही, ही आमच्या ऑफिसची शिस्त.

सुनावणीच्या संध्याकाळी आम्ही टाऊनशिपच्या हॉलमध्ये पोचलो. मंडळातले बरेच जण आले होते, पण राजारामकाका समोरच्या बाजूला वॉल्टच्या रांगेत बसलेले दिसले. काका आधी बोलायला उठले. सूट, टाय, चकचकीत इंग्रजी. आम्ही या देशात पाहुणे आहोत, म्हणाले, यजमानांना त्रास होईल असं आमच्या हातून काही होऊ नये, मंडळाच्या वतीने मी माफी मागतो, ढोल आम्ही पेटीत ठेवून देऊ. दादा, मागे बसलेल्या आपल्या पोरापोरींनी माना खाली घातल्या. त्यांतली निम्मी इथेच जन्मलेली. ती कोणाकडे पाहुणी आलीत? रेणू त्या पोरांमध्येच बसली होती. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘बाबा, आपण गेस्ट आहोत?’ तिने मराठी वापरली म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

अस्मिता उठली. तिने खुर्ची मागे सारली. ती म्हणाली, ‘मिस्टर सबनीस मंडळाच्या वतीने बोलत नाहीत. मंडळाची अध्यक्ष मी आहे, आणि मंडळ माफी मागत नाही. या पार्काचा टॅक्स आम्ही भरतो. शाळेचा बँड याच पार्कात वाजतो, माझी मुलगी त्यात ड्रम वाजवते. त्या बँडला जी वेळ, जी जागा, तीच आम्हाला द्या. जास्त नको. कमी दिलंत तर मी दर महिन्याला इथे येऊन उभी राहीन.’

दादा, मी तुमचा भाऊ आहे, भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्यातला नाही. पण मला शिट्टी वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात वॉल्टने माझा तक्ता पुढे केला. कमिटीच्या बाईंनी सही वाचली आणि विचारलं, हे चारुदत्त कोण? (त्यांनी ‘चॅरू-डट’ म्हटलं, त्यामुळे मला दोन-तीन क्षण फुकट मिळाले.) मी उठलो. अस्मिता माझ्याकडे बघत होती. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर तिने बघितलं होतं, त्यानंतर इतकं टक लावून ती त्या संध्याकाळीच बघत होती. आकडे खरे आहेत का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, खरे आहेत. हॉलमध्ये एक उसासा उमटला. मग मला राहवेना. मी म्हटलं, पण बाई, तक्त्याच्या मागच्या बाजूलाही आकडे आहेत, तेही वाचा. शाळेचा बँड मी मोजलाय. तो आमच्या बरोबरीने आहे. आणि वॉल्टसाहेबांचं पानं उडवायचं यंत्र त्यांच्या फाटकाशी मोजलंय. ते ढोलाच्या वर आहे.

लोक हसले. वॉल्ट हसला नाही. ‘माझ्या दारात चकल्या घेऊन येतोस आणि माझ्याच यंत्राचा आवाज मोजतोस?’ असं तो भर सभेत ओरडला. आवाज चकल्यांच्या आधीच मोजला होता हे मी सांगायला लागलो, पण अस्मिताने डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

कमिटीने आपसांत कुजबुज केली आणि निकाल दिला. सराव करा, पण घरांपासून दूर तळ्याकडच्या टोकाला, आणि पाचच्या आत संपवा. मिरवणूक एक फेरी. आमचे लोक खूश होऊन उठायला लागले. अस्मिता उभीच. तळ्याकडचं टोक मान्य, म्हणाली, वॉल्ट यांच्या कपाटांचा मलाही विचार आहे. पण बँड सातपर्यंत वाजतो, आम्हीही सातपर्यंत. बाई म्हणाल्या, साडेपाच. अस्मिता म्हणाली, सात. बाई म्हणाल्या, सहा. अस्मिता म्हणाली, सात, आणि मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी थांबावं तशी शांत उभी राहिली. शेवटी त्या बाईंनाच घरी जायचं होतं. सात मिळाले.

बाहेर पार्किंगमध्ये वॉल्ट तिच्याकडे आला. मला वाटलं, आता समेट होणार. समेट वगैरे काही झाला नाही. तो म्हणाला, मला तुमचा आवाज आवडत नाही आणि आवडणारही नाही. अस्मिता म्हणाली, तो तुमचा हक्क आहे. तो म्हणाला, आणि वाजवायचंच असेल तर डावीकडच्या त्या उंच माणसाला जरा ताल शिकवा, तो प्रत्येक ठोक्याला मागे पडतो. पथकात डावीकडे उंच असा मी एकटाच आहे.

तर ही उरलेली अर्धी हकिगत. आता तुम्हीच सांगा, राजीनामा कशाबद्दल? घराकडे लक्ष नाही म्हणता, तर रेणू त्या रात्रीपासून घरात मराठी बोलते आहे. (चुकीचं बोलते, पण मोठ्याने बोलते.) घराण्याचं नाव जातं म्हणता, तर इथल्या साप्ताहिकात नाव छापून आलं. आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, म्हणजे ते तसंही आपल्या घराण्याचं राहिलं नाही. तुम्ही आणखी दहा मेसेज पाठवा, मी गाडीत लावीन, काचा खाली करून लावीन. पण अस्मिता खुर्ची सोडणार नाही आणि मी तिला सोडायला सांगणार नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर रागवा. घास परत काढणार नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (वरील बाब सोडून),
चारुदत्त

ता. क. दादा, एक बारीकसं काम होतं. राजारामकाका सुनावणीपासून घराबाहेर पडलेले नाहीत. फोन उचलत नाहीत. गणपती तोंडावर आलेत आणि मंत्रपुष्पांजली सबंध पाठ असलेला आमच्यात तो एकच माणूस आहे. बाकी आम्ही सगळे ‘साम्राज्यं भौज्यं’पर्यंत जोरात आणि तिथून पुढे ओठ हलवतो. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय मखरासमोर उभं राहायला बरंही वाटणार नाही. पहिली मूर्ती त्यांनीच विमानातून मांडीवर बसवून आणली होती. तेव्हा तुम्ही त्यांना सहज म्हणून फोन करा, गुडघ्यावरून विषय काढा आणि हळूच वळवा. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका. वरचं सगळं खरमरीत लिहिलंय, त्याचा या कामाशी संबंध जोडू नये.

दुसरा ता. क. (अस्मिताच्या हातचा)

भाऊजी, नमस्कार. पत्र मी वाचलं. फोन करू नका. मी आज सकाळीच काकांकडे जाऊन आले. लताकाकूंनी दार उघडलं, काका आतल्या खोलीत दार लावून बसले होते. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते आले आणि म्हणाले, ‘विरोध केलास त्याचं काही नाही. पण चारचौघांत मला मिस्टर सबनीस म्हणालीस.’ मी म्हटलं, ‘काका म्हटलं असतं तर मग विरोध कसा करता आला असता?’ त्यावर ते थोडे हसले, मग डोळे पुसले, मग काकूंनी आम्हा दोघांना थालीपीठ वाढलं. ढोल त्यांना अजूनही पसंत नाहीत. मीही माझा शब्द मागे घेतला नाही. पण गणपतीला ते येतील, मंत्रपुष्पांजली तेच म्हणतील आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढे चालतील. त्यांनी एकच अट घातली. विसर्जन होईपर्यंत चारुदत्तने मला कुठल्याही बाबतीत सहकार्य करू नये.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी मान्य करून टाकलं.