पोटातला चार नंबर

११ ऑक्टोबर

सासूबाईंनी आज सागावा डॉक्टरांनाच धारेवर धरलं! जठरात कर्करोग आहे, खालचा भाग काढावा लागेल — हे निमूट ऐकून घेतलं. मग डॉक्टरांनी कागदावर जठर काढलं, भोवती लिम्फच्या गाठींचे ठिपके. रोग जठरातून निघाला की पहिला मुक्काम इथेच, म्हणून त्याही काढायच्या. प्रत्येक जागेला नंबर. आतल्या आखूड वळणावर तीन, बाहेरच्या लांब वळणावर चार —

"चार? माझ्या पोटात? मला न विचारता?"

चार म्हटलं की आम्हाला मरण ऐकू येतं, नऊ म्हटलं की हाल. जपानीत उच्चारच तसे, ‘शी’ म्हणजे चार आणि मरणही, ‘कू’ म्हणजे नऊ आणि हालही! या इस्पितळातसुद्धा चार नंबरची खोली नाही. आणि नऊ तर पार खोल, मोठ्या रक्तवाहिनीच्या फाट्यापाशी.

"ते दोन्ही आधी काढा. सातला मात्र हात लावू नका, तो भाग्याचा."

सातही काढावाच लागतो, आजी, म्हणाले डॉक्टर.

१२ ऑक्टोबर

माझा नवरा, तोमोहिरो, आईविषयी बोलतच नाही. मी दिवसभर हसवते सगळ्यांना. मग न्हाणीत पाणी मोठं सोडून रडते.

२४ ऑक्टोबर

झालं ऑपरेशन! डॉक्टरांनी इथल्या रीतीप्रमाणे जठराचा काढलेला भाग आणून दाखवला. तोमोहिरोने मान फिरवली. मी बघत राहिले. लग्नानंतरचं माझं पहिलं खारट मिसो सूप यातच गेलं होतं — आणि सासूबाईंनी आणखी एक वाटी मागून घेतली होती.

आत एक तरुण डॉक्टर चरबीतून गाठी वेगळ्या करतेय म्हणे, डाळीतले खडे वेचावेत तशा. जिथली गाठ त्या नंबराच्या डबीत.

२९ ऑक्टोबर

पातळ पेज घेतली. बेचव आहे म्हणून कुरकुर. म्हणजे बऱ्या आहेत!

१० नोव्हेंबर

निकाल. चार स्वच्छ. नऊ स्वच्छ. सगळ्या स्वच्छ, एक सोडून. ती सातमध्ये.

तोमोहिरोने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. वर्षभर गोळ्या घ्यायच्या. आशा चांगली आहे, डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी डॉक्टरांच्या त्या चित्रातल्या चारवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "बिचारा चार. जन्मभर नावं ठेवली त्याला."

बसमध्ये म्हणाल्या, मिसाओ, सातने दगा दिला गं. आणि टाके दुखेपर्यंत हसल्या. मीही. तोमोहिरोसुद्धा!

१८ नोव्हेंबर

गोळ्या डिसेंबरच्या सुरुवातीला चालू करू, दिवस तुम्हीच ठरवा, असं डॉक्टर म्हणाले.

"चार तारखेला," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी नऊ वाजता."