उठलीच हायेस त

माय, आज आमची चिप पास झाली. सकाळपासून मी नुसती हसत फिरते आहे. ऑफिसात पेढे वाटले, रिक्षावाल्यालासुद्धा एक दिला, आणि घरी येऊन चपलाही न काढता तुला लिहायला बसले. तू म्हणशील, "मोठी शहरी बोलून राह्यली, नीट सांग ना काय झालं ते." सांगते, पण आधी तुला मुकुटबनच्या घरात नेते, नाहीतर तुला काहीच कळायचं नाही आणि तू मधेच उठून जाशील.

ज्या वर्षी कापसाचा भाव पार पडला, त्या वर्षी बाबांनी सगळा कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. भाव वाढला की विकू, म्हणाले. भाव वाढेना आणि कापूस हलेना. दिवाळी गेली, होळी आली, तरी ढीग तिथंच. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, बाबा कोणाशी धड बोलायचे नाहीत, आणि मला मात्र घरात डोंगर आल्याचा आनंद. पण घरातलं बाकी सगळंही त्याच खोलीत होतं. पिठाचा डबा, मिठाची बरणी, गोधड्या, बाबांचा बाजाराचा सदरा, सगळं ढिगाच्या पलीकडच्या फळीवर. आणि ढिगाला पाठ लावून तू आणि मी कापूस निवडत बसलेल्या. पिवळा पडलेला खराब कापूस, म्हणजे कवडी, एकीकडे, पांढरा एकीकडे. अंगणात उजेड होता, तिथं नेऊन निवडू म्हटलं, तर तू माझ्यावरच उखडलीस. "नेईल कोन अन् परत आनून ठेवीन कोन? हाय तिथंच निवड. बसल्या बसल्या होते."

ते "बसल्या बसल्या" मला आवडायचं. माझा वैरी होता तुझा दुसरा शब्द. मी मिठासाठी म्हणून उठले रे उठले की सुरू. "उठलीच हायेस त पिठाचा डबा काढ. अन् तुह्या बाबाचा सदरा दे. अन् ते कोंबडी हाकल." मी दात-ओठ खायचे. मनात म्हणायचे, या बाईसमोर उठणं म्हणजे गुन्हा आहे. एकदा ठरवलं, आज प्रत्येक हाकेला उठायचं, बघू कोण दमतं. बाबांनी पाणी मागितलं, उठले. आजीनं चुना मागितला, उठले. प्रत्येक वेळी हातातला कापूस तसाच टाकून. परत येऊन बघते तर कवडी आणि पांढरा एक झालेला. तू पाठीत धपाटा घातलास. "हातातली मूठ त संपव ना वो! अर्धी टाकून उठली की पुन्हा पयल्यापासून पाहा लागते." मी रडले, तू हसलीस, आणि मग गूळ दिलास. तो गूळ मला अजून आवडतो, धपाटा नाही.

आता माझं काम ऐक. कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायची जागा एक, तिला मेमरी म्हणतात, आणि आकडेमोड करणारा प्रोसेसर दुसरीकडे. एकेक आकडा उचलून तिकडे न्यायचा, काम झालं की परत आणून ठेवायचा. सगळा वेळ या येरझाऱ्यांतच जातो. म्हणून आम्ही मेमरीच्या आतच बारीक आकडेमोड करणारे भाग बसवले. माहिती आहे तिथंच निवडायची, बसल्या बसल्या. पण प्रोसेसरची रोजची मागणी थोडीच थांबते? हे आण, ते ठेव, चालूच. आणि मेमरीच्या एका कप्प्यात एका वेळी एकच ओळ उघडता येते. एक बंद करून दुसरी उघडायला वेळ लागतो. मग बसलेल्या कामाला आधी वाव द्यायचा की दारातल्या मागणीला?

आमचे साहेब भला माणूस, पण हट्टी. म्हणाले, मागणी आली की बसलेलं काम सोडून उठायचं, मेमरीचा धर्मच तो. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, हातातलं संपवू द्या, पण दोनदा त्यांच्याच म्हणण्यासारखं करून पाहिलं. मेमरी उठ-बस करून थकली आणि आतलं काम एकदाही पूर्ण होईना. दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. मग ठरलं, आणखी एक चाचणी, तीही फसली तर आतली आकडेमोड काढून टाकायची. म्हणजे माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. माझी झोप उडाली, माय. पोराच्या डब्यात दोनदा नुसती पोळी गेली, भाजीच नाही.

मग मी नियम बदलले. हातात घेतलेली मूठ संपल्याशिवाय उठायचं नाही. मूठ मात्र लहान ठेवायची, म्हणजे दारातल्याला ताटकळावं लागणार नाही. आणि एकदा उठलं की साचलेल्या सगळ्या मागण्या एका फेरीत उरकून मगच बसायचं. उठलीच हायेस त. आज चाचणीत आतलं काम पूर्ण झालं, आणि बाहेरच्या मागण्याही आधीपेक्षा लवकर सुटल्या. साहेबांनी आकडे पुन्हा तपासले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हेच चिपमध्ये राहील." मी सगळ्यांसमोर टाळ्या पिटल्या, माझ्या वयाला शोभत नाही तरी.

मग त्यांनी विचारलं, "पण मूठ संपवू द्यायचीच, हा तुमचा हट्ट पहिल्या दिवसापासून का होता?" मी फळ्यावर आलेख काढले. ओळ बंद करून पुन्हा उघडायला किती वेळ वाया जातो ते दाखवलं. सगळं खरं होतं, सगळ्यांना पटलं.

तू गेल्यावर हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार, तेव्हा तुझ्यापाशीच कबूल करते. आलेख मागून आले, हट्ट आधीचा होता. आम्हाला वाढून झालं की तू ताट घ्यायचीस, दोन घास झाले की कोणीतरी हाक मारायचं, आणि तू उठायचीस. एका बैठकीत तुझं जेवण पूर्ण झालेलं मी कधीच पाहिलं नाही.