खिसा कोणत्या बाजूला

बाबा, परवा एका इंग्रजी शब्दापाशी अडले. ताडोब्याजवळच्या एका रिसॉर्टच्या पाटीवर ‘बिस्पोक सफारी’ असं लिहिलं होतं. वर्दीत उभं राहून विचारायची लाज वाटत होती, तरी तिथल्या मॅनेजर मुलीला विचारलंच. ती म्हणाली, “मॅडम, हा शब्द मूळचा कपड्यांचा. गिऱ्हाइकाशी बोलून, त्याच्या एकट्यासाठी बेतून शिवलेला कपडा. आता काय, सफारी, लग्न, स्वयंपाकघर, कशालाही लावतात.” आधी बोलणं, मग कात्री. हे तर अहेरीच्या बाजारातलं तुमचं दुकान झालं! तुम्हाला हे सांगावं असं फार वाटलं आणि मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

तुम्ही टेप नंतर काढायचात. आधी गिऱ्हाईक स्टुलावर आणि तुमच्या चौकशा सुरू. सायकल चालवता का, धानाच्या रोवणीला वाकता का, जेवून बसल्यावर पोट किती सुटतं. लोक वैतागायचे. “भाऊ, कपडा शिवून राह्यले का सोयरीक जुळवून राह्यले?” तुम्ही हसता, पण उत्तर मिळेपर्यंत कात्रीला हात लावत नाही. मी मागच्या बाकावर बसून काज करते आहे आणि मनातल्या मनात म्हणते आहे, किती बोलतात हे.

वनरक्षक म्हणून माझी निवड झाली तेव्हा पहिली वर्दी तुम्हीच शिवणार होतात. खाकी कापडही आणून ठेवलंत. मी चंद्रपूरला, कागदपत्रांच्या धावपळीत. फोनवर म्हणाले, “बाबा, जुन्या सलवारचं माप घ्या ना. मले वेळ नाई.”

“सलवार मले सांगन काय, तू नाल्यात कशी उतरशीन ते? येऊन जाय एकदा. अन् हे सांग, मांडीवरचा खिसा कोन्या बाजूले लावू?”

“लावा कुठीही,” म्हणून मी फोन ठेवला. चंद्रपुरात तयार वर्दी मिळाली, बरी बसली, सोबतच्या मुलींनीही तीच घेतली होती. येते, येते म्हणत दिवाळी गेली. मग तुमच्या छातीत कळ आली, आणि मी पोहोचले तेव्हा तुम्हाला अंगणात निजवलेलं होतं.

वर्दी दुकानातल्या खुंटीवर होती. पँटला पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके, मशीन मारायची बाकी. खिसा वेगळा कापून टाचणीने कमरेपाशी अडकवलेला. माझ्या एका शब्दासाठी तुम्ही थांबला होतात, याचं फार वाईट वाटतं, बाबा. ती पँट घेऊन मी दोनदा इथल्या टेलरकडे गेले. “खिसा कुठी लावू, मॅडम?” असं त्याने विचारलं की पँट उचलून परत येते. त्याला सांगता येतं मला. पण विचारलं तुम्ही होतं.

हा कागद त्याच पँटच्या घडीत ठेवणार आहे. खरं सांगायचं तर तेव्हा मला ठाऊकच नव्हतं. जंगलातल्या माझ्या बीटवर एक दिवसही फिरले नव्हते. आता फिरते. उजव्या हातात काठी असते, नाल्यात उतरताना डावा हात मोकळा राहतो.

डाव्या बाजूले लावा, बाबा.